व्हर्सायच्या पागेतले ग्रीक देव : राजवाड्यासमोरच्या 'पतीत एक्युरी'ला भेट कशी द्यावी

पॅरिसहून व्हर्सायला येणारे बहुतेक जण स्टेशनाबाहेर पडतात, गर्दीच्या मागोमाग चालतात आणि राजवाड्याच्या रांगेत उभे राहतात. वाटेत डाव्या हाताला एक लांबरुंद दगडी इमारत लागते, तिच्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. ही फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची पागा, म्हणजे घोड्यांचा तबेला. आज तिथे घोडे नाहीत. ग्रीक-रोमन शिल्पांचे प्लास्टरमधले हजारो ठसे, म्हणजे साच्यातून काढलेल्या प्रती, आहेत आणि राजवाड्याच्या बागेतून आणून ठेवलेली काही अस्सल संगमरवरी शिल्पंही आहेत. माझं मत विचाराल तर आरसेमहालात धक्के खात घालवलेल्या तासापेक्षा इथला तास जास्त कामाचा. मात्र जाण्याआधी थोडी तयारी हवी. तयारी नसेल तर पांढऱ्या पुतळ्यांच्या रांगा बघून दहा मिनिटांत बाहेर पडाल.

आधी जागा समजून घ्या

राजवाड्यासमोरच्या 'प्लास दार्म' या चौकात तीन रुंद रस्ते पंख्यासारखे येऊन मिळतात. त्यांच्या मधल्या दोन बेचक्यांत दोन पागा आहेत. राजाचा वास्तुकार ज्यूल आर्दुआँ-माँसार याने त्या १६७९ ते १६८२ या काळात बांधल्या. दरबार कायमचा व्हर्सायला हलला तो मे १६८२ मध्ये, म्हणजे घोड्यांची सोय जवळजवळ माणसांच्या बरोबरीनेच झाली. राजवाड्याकडे तोंड करून उभं राहिलात तर उजवीकडची 'ग्रांद एक्युरी' म्हणजे थोरली पागा आणि डावीकडची 'पतीत एक्युरी' म्हणजे धाकटी. थोरली-धाकटी हा फरक आकाराचा नाही, दोन्ही सारख्याच मोठ्या आहेत. थोरलीत शिकारीचे आणि खास तयार केलेले स्वारीचे घोडे असत, धाकटीत रोजच्या वापराची जनावरं, गाड्या आणि गाड्यांना जुंपायचे घोडे. दोघींचे अधिकारीही वेगळे होते. थोरलीचा प्रमुख दरबारात फार वरच्या मानाचा समजला जाई.

आपल्याला जायचंय धाकटीत. या एकाच आवारात वास्तुशास्त्राचं राष्ट्रीय महाविद्यालय आहे, फ्रान्सच्या संग्रहालयांसाठी काम करणाऱ्या संशोधन आणि जतन केंद्राच्या कार्यशाळा आहेत आणि ही शिल्पदालनंही आहेत. त्यामुळे दिसेल त्या दारातून आत शिरू नका, दालनाची पाटी शोधा. महाविद्यालयाच्या फाटकातून पाहुण्यांना सोडत नाहीत.

हे ठसे इथे आले कसे

हे माहीत असलं की आतला पसारा कळायला सोपा जातो. युरोपात चित्रकला-शिल्पकला शिकवायची पद्धत शतकानुशतकं एकच होती : आधी प्राचीन शिल्पांवरून रेखाटन, मग जिवंत माणसावरून. पण मूळ शिल्पं रोम, नेपल्स, फ्लोरेन्सला. मग साचे काढून प्लास्टरच्या प्रती आणायच्या. फ्रान्सचा राजा फ्रान्सिस पहिला याने १५४०च्या सुमाराला प्रिमातिच्चो या चित्रकाराला रोमला धाडून प्रसिद्ध मूर्तींचे साचे आणवले आणि फाँतेनब्लोच्या राजवाड्यासाठी त्यांतून ब्राँझच्या प्रती ओतवल्या. १६६६ मध्ये रोममध्ये फ्रेंच अकादमी निघाली, तिच्या कामांतही नकला आणि ठसे करून घेणं होतंच. एकोणिसाव्या शतकात ग्रीसमध्ये उत्खननं वाढली तसे ठसेही वाढले. पॅरिसच्या 'एकोल दे बोझार' या कलाशाळेत आणि सोर्बोन विद्यापीठात त्यांचे मोठे संग्रह जमले.

विसाव्या शतकात ही सगळी मंडळी बिनकामाची ठरली. आधुनिक कलावंतांना प्लास्टरचे देव म्हणजे जुनाट शिस्तीची खूण वाटायला लागले. मे १९६८च्या आंदोलनात कलाशाळेचा ताबा विद्यार्थ्यांनी घेतला, त्या धामधुमीत अनेक ठशांची मोडतोड झाली. पुढच्या दशकात उरलेला संग्रह व्हर्सायच्या या रिकाम्या पागेत हलवला गेला. आज तो लूव्र संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

आपल्याकडेही ही परंपरा पोचली होती. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी ग्रीक-रोमन ठशांवरून रेखाटन शिकत. त्याच शाळेत शिकलेल्या गणपतराव म्हात्र्यांनी १८९०च्या दशकात 'मंदिरपथगामिनी' घडवली तीही प्लास्टरमध्ये. नऊवारीतल्या त्या तरुणीच्या उभं राहण्यात, एका पायावर टाकलेल्या भारात, त्या ठशांचा अभ्यास दिसतो असं मला वाटतं. पागेत गेलात की याचा पडताळा घेता येईल.

दिवस आणि वेळ ठरवणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ही दालनं राजवाड्यासारखी रोज उघडी नसतात. उघडण्याचे दिवस आणि तास मोजके असतात आणि हंगामाप्रमाणे बदलतात. म्हणून आधी राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर शिल्पदालनाचं पान उघडा, तिथला वार पक्का करा आणि मग राजवाड्याचं तिकीट त्या दिवसाचं काढा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. सहलीच्या कंपनीबरोबर जाणार असाल तर हे जमणं अवघड, कारण बस ठरल्या वेळी निघते. व्हर्सायसाठी एक मोकळा दिवस स्वतःच्या हाती ठेवता आला तर उत्तम.

राजवाडा सोमवारी बंद असतो, शिवाय १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरलाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या पहिल्या रविवारी राजवाड्यात प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी गर्दी विचारू नका.

दिवसाची आखणी मी अशी सुचवेन : सकाळची पहिली वेळ राजवाड्यासाठी, दुपारी जेवण, मग पागा आणि शेवटी बाग. पागा बागेच्या आधी का, ते पुढे येईलच.

पोचायचं कसं

पॅरिसमधून आरईआर सी ही उपनगरी गाडी पकडा आणि 'व्हर्साय शातो रिव्ह गोश' या शेवटच्या स्टेशनावर उतरा. याच मार्गावरच्या काही गाड्या फाटा घेऊन 'व्हर्साय शांतिये'कडे जातात, म्हणून फलाटावरच्या पाटीवर शेवटच्या स्टेशनाचं नाव वाचल्याशिवाय चढू नका. शांतियेला उतरलात तरी आभाळ कोसळत नाही, फक्त वीसेक मिनिटं पायपीट पडते. माँपार्नासहून येणारी एन गाडी शांतियेलाच येते. सँ-लाझारहून येणारी एल गाडी 'रिव्ह द्र्वात'ला पोचते, तिथूनही साधारण तेवढंच चालणं आहे. जानेवारी २०२५पासून पॅरिस परिसरातल्या मेट्रो आणि गाड्यांसाठी, विमानतळं सोडून, एकाच दराचं तिकीट झालंय. सुरुवातीला ते अडीच युरोंचं होतं. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा, संध्याकाळी व्हर्सायच्या यंत्रांपुढे मोठी रांग लागते.

रिव्ह गोशला उतरलात तर पागा अगदी जवळ आहे. स्टेशनासमोरचा रस्ता ओलांडून उजवीकडे वळा, मग डावीकडे 'आव्हन्यू द पारी'वर या. आता समोर राजवाडा आणि डाव्या हाताला पागेची बाजू. तसंच पुढे चौकापर्यंत चालत गेलात की पागेचं दर्शनी अंग दिसतं.

जेवणासाठी चौकाच्या दक्षिणेला 'रू द सातोरी' हा खाणावळींचा रस्ता आहे. शाकाहारी असाल तर मागवतानाच 'सां व्हियांद, सां प्वासों' म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं स्पष्ट सांगा. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर समोर मासा येऊ शकतो. अंडंही चालत नसेल तर 'सां झ' असं वेगळं सांगावं लागतं.

आत शिरण्याआधी दोन मिनिटं

चौकात उभं राहून इमारतीचा आकार बघा. दोन्ही बाजू पुढे आलेल्या आणि मधला भाग आत वळलेला, त्यामुळे मधोमध अंगण तयार झालंय. फाटकावरच्या कोरीवकामात घोडे आहेत. इमारत राजवाड्यापेक्षा मुद्दाम बुटकी ठेवलीय. राजाच्या खिडकीतून शहराकडे बघताना नजर अडू नये, पण समोर काहीतरी भारदस्तही दिसावं, असा दुहेरी हिशेब. आत गेल्यावर कमानदार छताची लांबच लांब दालनं लागतात. शेकडो घोडे ओळीने बांधायचे, त्यांना हवा मिळायला हवी आणि मोतद्दारांना मधून ये-जा करता यायला हवी, म्हणून ही लांबी आणि ही उंची. पुतळ्यांना हीच गोष्ट मानवली. भव्य मूर्ती साध्या खोलीत गुदमरते, इथे तिला डोक्यावर मोकळी जागा मिळते.

इमारत दगडी आहे, उन्हाळा सोडला तर अंगावर काहीतरी गरम असू द्या. पाट्या वाचायला चार फ्रेंच शब्द पुरतात : 'मुलाज' म्हणजे ठसा, 'प्लात्र' म्हणजे प्लास्टर, 'मार्ब्र' म्हणजे संगमरवर आणि 'कोपी' म्हणजे नक्कल. पाटीवर मूळ शिल्प कुठल्या शहरात आहे तेही बहुधा दिलेलं असतं. ते जरूर वाचा, कारण अथेन्स, रोम, लंडन, म्युनिक अशी विखुरलेली भावंडं एकत्र बघायला मिळणं हाच ठशांच्या संग्रहाचा खरा फायदा आहे.

हात लावू नका. प्लास्टर सच्छिद्र असतं, हाताचा घाम आणि तेल शोषून घेतं आणि मग ते पाण्याने धुऊन काढता येत नाही.

ठसा वाचायचा कसा

पहिल्या चक्करीत काहीच वाचू नका, सरळ टोकापर्यंत चालत जा आणि परत या. दुसऱ्या चक्करीत निवडक पाच-सहा मूर्तींपाशी थांबा. सगळं बघायच्या भानगडीत पडलात तर काहीच लक्षात राहणार नाही.

सुरुवात शिवणींपासून करा. एखाद्या मूर्तीच्या मांडीच्या कडेने, दंडावरून किंवा मानेखालून एक बारीक उंचवट्याची रेघ जाताना दिसेल. पेणच्या कारखान्यात साच्यातून नुकत्याच काढलेल्या गणपतीच्या कानामागे जशी जोडाची रेघ दिसते, तशीच ही. फरक इतकाच की गणपतीची रेघ रंगाआधी घासून टाकतात आणि इथे ती अनेकदा तशीच ठेवलेली असते. गुंतागुंतीच्या मूर्तीचा साचा दोन तुकड्यांत निघत नाही. केसांच्या कुरळ्या बटा, वस्त्राच्या खोल चुण्या, काखेतली पोकळी, प्रत्येकासाठी वेगळा तुकडा लागतो, नाहीतर साचा मूर्तीत अडकून बसेल. हे सगळे तुकडे बाहेरून एका कवचात बसवून आत प्लास्टर ओततात. रेघांचं जाळं बारकाईने पाहिलं की साचेकाराने मूर्ती कुठे कुठे कापून विचारात घेतली होती त्याचा नकाशाच समोर येतो. त्या रेघा घासल्या तर मूळ कातडीही थोडी घासली जाणार. म्हणून अभ्यासाच्या ठशावर त्या राहू द्यायची पद्धत पडली.

मग आधार बघा. नग्न तरुण उभा आहे आणि त्याच्या पायाला लागून झाडाचा बुंधा आहे, असं वारंवार दिसेल. काही ठिकाणी मनगट आणि कंबर यांच्यामध्ये दगडाची एक आडवी काडी असते. हे सौंदर्यासाठी नाही. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लेइटसचा भालाधारी घ्या. मूळ मूर्ती ब्राँझची होती, ती नाहीशी झाली. रोमन कारागिरांनी तिच्या संगमरवरी नकला केल्या, त्यांतली प्रसिद्ध नक्कल नेपल्सला आहे. ब्राँझ आतून पोकळ आणि चिवट, दोन घोट्यांवर उभं राहतं. संगमरवर तसं उभं केलं तर घोट्यात तुटेल, म्हणून बुंधा आणि काडी. पुढे याच संगमरवरावरून प्लास्टरचे ठसे निघाले. असा ठसा बघताना मनातल्या मनात तो बुंधा काढून टाका, मूर्ती एकदम हलकी होते.

उभं राहण्याची पद्धत हा तिसरा धडा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला 'कुरोस', म्हणजे ताठ उभा तरुण, दिसला तर त्याचे दोन्ही पाय बघा : डावा पुढे आहे, पण भार दोन्हींवर सारखा, कंबर सरळ. मग पाचव्या शतकातल्या एखाद्या मूर्तीपाशी या. एका पायावर भार, दुसरा गुडघा सैल, त्यामुळे कंबर एका बाजूला वर आणि खांदे उलट बाजूला कललेले. हा बदल पुस्तकात वाचून कळत नाही, दोन्ही मूर्ती एका नजरेत आल्या की क्षणात कळतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना त्या दोन्ही प्रकारे उभं राहायला सांगा.

मागे जायला विसरू नका. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या त्रिकोणी माथ्यावरच्या मूर्ती खालून कुणाला मागून दिसणार नव्हत्या, तरी त्यांच्या पाठी घडवलेल्या आहेत. त्याच मंदिराच्या भिंतीवरची मिरवणुकीची पट्टी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर खोल कोरलीय आणि तेवढ्यात घोडेस्वारांच्या दोन-तीन रांगा एकामागे एक बसवल्यात. वरचा भाग खालच्यापेक्षा थोडा जास्त उठावाचा आहे, कारण बघणारा खालून बघणार होता. अशी उथळ शिल्पं समोरून सपाट वाटतात. जरा बाजूला सरा, खिडकीचा उजेड तिरपा पडेल अशा जागी उभे राहा, घोड्यांचे पाय सुटे होतील.

आता माझा आवडता भाग : ठसा मूळ शिल्पापेक्षा जास्त सांगतो ते. ग्रीक कथेतला पुजारी लाओकून आणि त्याच्या मुलांना साप विळखा घालतायत, हे शिल्प १५०६ मध्ये रोममध्ये सापडलं तेव्हा बापाचा उजवा हात नव्हता. नंतर तो आकाशाकडे ताठ उंचावलेला असा बसवला गेला. १९०६ मध्ये खरा हात सापडला, तो कोपरात दुमडलेला होता आणि १९५०च्या दशकाअखेर तो मूर्तीला जोडला गेला. म्हणजे हात वर ताणलेला लाओकून दिसला तर समजा ठसा जुन्या जोडकामावरून आलाय. ग्रीसच्या एजिना बेटावरच्या, आता म्युनिकमध्ये असलेल्या योद्ध्यांच्या मूर्तींचंही असंच. थोरवाल्दसेन या शिल्पकाराने एकोणिसाव्या शतकात त्यांचे तुटके अवयव पूर्ण केले, १९६०च्या दशकात ते सगळे उतरवले गेले. जुन्या ठशांत मात्र ते शाबूत असतात. पार्थेनॉनची शिल्पं लंडनला नेणाऱ्या लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०२ मध्ये पार्थेनॉनच्या पश्चिम पट्टीचे साचे घेतले होते. मूळ पट्टी पुढे जवळजवळ दोनशे वर्षं अथेन्सच्या उघड्या हवेत झिजली, म्हणून लंडनमधल्या त्या प्लास्टरमध्ये आज मुळापेक्षा जास्त तपशील आहे. नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे ऐकवावं.

एक फसवी गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. हा पांढरा रंग ग्रीकांचा नाही. त्यांच्या मूर्ती रंगवलेल्या असत : ओठ, डोळे, केस, वस्त्रांचे काठ, सगळं. इंग्लंडात केंब्रिजच्या संग्रहालयात १९७०च्या दशकात एका 'कोरी'च्या, म्हणजे प्राचीन ग्रीक तरुणीच्या मूर्तीच्या, ठशाला मूळच्यासारखे रंग दिले, तो बघून अजूनही लोक दचकतात. देवळातल्या मूर्तींना शेंदूर, वस्त्रं आणि डोळे बघत मोठे झालेल्या आपल्याला मात्र त्यात नवल वाटायचं कारण नाही.

संगमरवरापाशी या

ठसे बघून डोळा तयार झाला की राजवाड्याच्या बागेतून आणलेली शिल्पं शोधा. १९८० मध्ये लातोनाच्या कारंज्यावरचा मधला संगमरवरी समूह, म्हणजे अपोलो देवाची आई लातोना आणि तिची दोन मुलं, ऊनपावसापासून वाचवायला आत आणला गेला आणि बाहेर प्रतिकृती बसवली. मार्सी बंधूंचं हे काम. 'अपोलोच्या स्नाना'चा समूहही बागेतून इथे आला. त्यातला अपोलो आणि त्याची सेवा करणाऱ्या अप्सरा जिरार्दों आणि रेनोदँ यांनी घडवल्या, सूर्याचे घोडे मार्सी बंधू आणि गेरँ यांनी. हा समूह आधी राजवाड्यालगतच्या, समुद्रदेवी थेटिसच्या नावाच्या कृत्रिम गुहेसाठी होता. राजवाड्याची उत्तरेकडची बाजू वाढवायला १६८४ मध्ये ती गुहाच पाडली, मग मूर्ती बागेत हिंडत राहिल्या. कधी एखादी कलाकृती बाहेरच्या प्रदर्शनाला गेलेली असते, तेव्हा जी सापडेल तिच्यापाशी थांबा.

इथे एक प्रयोग कराच. आधी प्लास्टरच्या एखाद्या दंडाकडे बघा, मग लगेच संगमरवरी दंडाकडे. प्लास्टरवर उजेड पडतो आणि तिथेच थबकतो. संगमरवरात तो किंचित आत जातो आणि परततो, म्हणून कातडीखाली काहीतरी असल्यासारखं वाटतं. आणि जिरार्दोंचा अपोलो बघताना व्हॅटिकनमधला बेल्व्हेदेरचा अपोलो आठवा, त्याचा ठसा किंवा फोनमधलं छायाचित्र चालेल. जिरार्दों खास रोमला जाऊन ती मूर्ती बघून आला होता. डोकं जवळजवळ तेच आहे, पण उभा धनुर्धारी त्याने दमून बसलेला राजपुरुष केलाय. लुईची खुशामत करण्यात तो कमी पडला नाही.

स्केचबुक आणि पेन्सिल बरोबर ठेवा. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असेल तर हात अजून चालेल. पूर्ण मूर्ती काढू नका, एक पाऊल किंवा एक कान पुरे. पंधरा मिनिटं कानाकडे बघितलंत तर तो आयुष्यभर लक्षात राहतो. ओली शाई, रंग वगैरे आत नेऊ नका.

नंतर

वेळ असेल तर समोरच्या थोरल्या पागेत गाड्यांचं दालन आहे. फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याच्या राज्याभिषेकाची सोनेरी गाडी तिथेच. २००३ पासून त्या पागेत बार्ताबास या अश्वकलावंताची अश्वविद्येची अकादमीही चालते, म्हणजे तिथे खरे घोडेही आहेत.

आणि मग बागेत जा. लातोनाच्या कारंज्यावरची आई आणि मुलं आता तुम्हाला वेगळी दिसतील, कारण त्यांच्या मूळ मूर्तींपाशी तुम्ही तासाभरापूर्वीच उभे होतात. अपोलोच्या स्नानाची झाडीतली कृत्रिम गुहा ह्युबेर रोबेर या चित्रकाराने १७७०च्या दशकात रचली, तिथेही आता प्रतिकृतीच आहेत. अशा आडोशाच्या बहुतेक जागा कारंज्यांच्या आणि संगीताच्या दिवशीच उघडतात आणि त्या दिवशी बागेला तिकीट लागतं. एरवी बाग फुकट. तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर कारंज्यांचं वेळापत्रकही शिल्पदालनाच्या वेळेशी ताडून बघा. दोन्ही एकाच दिवशी जुळले तर बागेचं तिकीट काढायला मागेपुढे बघू नका.